बोका जाड आहे म्हणून उपाशी ठेवू नका

बोका घरी आला तो थेट सोफ्याखाली शिरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आलाच नाही. वय नऊ, नसबंदी झालेला, वजन सात किलो आठशे ग्रॅम आणि मधुमेह. आधीचं कुटुंब परदेशी निघालं होतं, म्हणून तो आमच्याकडे आला. वाटीतलं खाणं जसंच्या तसं पडून होतं. शेजारच्या काकू मायेनंच म्हणाल्या, "अगं राहू दे. एवढा गुबगुबीत आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर वजनच उतरेल त्याचं."

जाड मांजराबद्दल यापेक्षा घातक समजूत दुसरी नसेल. आपल्याला एकादशी सोसते, मांजराला सोसत नाही. त्याचं खाणं थांबलं की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे जाते. तेवढी चरबी हाताळणं मांजराच्या यकृताला झेपत नाही. पेशी चरबीनं भरतात, कावीळ होते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. मांजर जितकं जाड, तितका हा धोका मोठा. दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. म्हणून मधुमेही मांजरानं दिवसभर तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा. पोटात अन्न नसताना नेहमीचं इन्सुलिन द्यायचं की कमी करायचं, हेही तेव्हाच विचारायचं.

आम्ही वाटी सोफ्याखाली सरकवली. खाणं त्याच्या आधीच्या घरातलंच होतं, फक्त वास यावा म्हणून किंचित कोमट केलं. दिवे मालवले आणि जमिनीवर गप्प बसून राहिलो. चारच्या सुमाराला चाटण्याचा आवाज आला. असं मांजर घरी आणताना दवाखान्याची फाइल तर मागून घ्याच, पण त्याची वाटी, अंथरूण आणि चालू असलेलं खाणंही मागून घ्या. घर बदललंय तेवढा धक्का पहिल्या आठवड्यात पुरे. आहार बदलायला नंतर वेळ आहे.

वजन उतरवायचंच आहे, पण आठवड्याला साधारण अर्धा ते एक टक्का. आमच्या बोक्याच्या हिशेबानं चाळीस ते ऐंशी ग्रॅम. माणसाच्या वजनकाट्यावर एवढा फरक कळत नाही, बाळांचा काटा लागतो. वर्षभराचं काम आहे हे, आणि ते वर्षभराच्या गतीनंच करायला हवं.

"गोड खाऊन झाला असेल मधुमेह," असं पुष्कळ जण म्हणतात. मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारा जनुक मांजरांमध्ये निकामी आहे, हे 2005 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. मुळाशी असते ती चरबी. जाड मांजराच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, आणि त्याला मधुमेह होण्याचा धोका सडपातळ मांजराच्या जवळजवळ चौपट असतो. मध्यमवयीन, नसबंदी झालेले, घरातच राहणारे बोके यात अधिक सापडतात. मांजर पक्कं मांसाहारी. आपल्या घरांत त्याला दूध-पोळी, दूध-भात मिळतो, आणि हौसेनं आणलेल्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. प्रथिनं भरपूर आणि पिष्ट अगदी कमी असलेलं ओलं खाणं त्याला मानवतं. मात्र नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्णान्न नव्हे. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

इथे एक मेख आहे. पिष्ट कमी केलं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू शकते. खाणं बदललं आणि मात्रा तीच राहिली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. त्यामुळे वाटीतला बदल डॉक्टरांना सांगूनच करायचा.

सुईला लोक उगाच घाबरतात. सुई केसासारखी बारीक असते. बोका खाण्यात गुंग असताना कुशीवरची कातडी चिमटीत धरून टोचली, तर तो मान वर करूनही बघत नाही. बारा-बारा तासांनी दोनदा, एवढंच. घाबरायचं असेल तर सिरिंजच्या टोपणाला घाबरा. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचं मिळतं, मिलिलिटरला 40 युनिटचं आणि 100 युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. मांजरांना अनेकदा देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजनं 'एक युनिट' भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिटं जातात. माणसाला हा फरक जाणवेल, मांजराचा जीव जाऊ शकतो. बोक्याबरोबर आमच्याकडे आलेल्या पिशवीत दोन्ही रंगांची टोपणं होती. त्या रात्री आम्ही लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंज बाजूला काढल्या आणि मगच जेवलो.

"एक डोस चुकला, पुढचा दुप्पट देऊ," असं कधीही करू नका. टोचताना औषध कातडीत गेलं की केसांवर सांडलं, अशी शंका आली तरी पुन्हा टोचायचं नाही. चुकलेल्या डोसनं एका दिवसात फारसं बिघडत नाही, जास्तीचा डोस तासाभरातही उलटू शकतो. मांजर झोकांड्या देऊ लागलं, सुस्त पडलं किंवा त्याला झटके आले, तर हिरड्यांवर मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. घशात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

दवाखान्यात मोजलेल्या साखरेचा एकच आकडाही फसवतो. पिंजरा, रिक्षा, कुत्र्यांचं भुंकणं एवढ्यानं निरोगी मांजराचीही साखर तीनशेच्या पुढे जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवते. घरी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काढता येतं. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे लक्षात असू द्या.

गोळ्यांचं विचाराल तर अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मांजरांसाठी तोंडावाटे द्यायची दोन औषधं मंजूर झाली. ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाहीत. घरातल्या आजोबांची मधुमेहाची गोळी तर मुळीच नको.

आणि "एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर" हेही सरसकट खरं नाही. निदानानंतर लवकर, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, नेटानं उपचार झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. पुढे आजार परत येऊ शकतो, म्हणून वजन आणि साखर पाहत राहावं लागतं. आमच्या बोक्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही. पण तो आला तेव्हा मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायचा. साखरेनं नसा दुखावल्या की मांजरं अशी चालतात. पाच महिने झाले. वजन सहा किलो सातशे. परवा तो ओट्याखालच्या पाटावर चढला, मग पाटावरून स्टुलावर, आणि खिडकीत जाऊन बसला. त्याच्या टाचा वर होत्या.