ओटोचे सिंहासन टिकले असते तर…

इतिहासातील एखादा निर्णायक प्रसंग वेगळ्या रीतीने घडला असे गृहीत धरून पुढील घटनाक्रमाचा तर्काने माग घेणे, याला पर्यायी इतिहास म्हणतात. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे ही रीत मराठी वाचकाला परिचित आहे. आधुनिक ग्रीसचा पहिला राजा ओटो याच्या पदच्युतीला ती लावून पाहिली, तर त्या तरुण राष्ट्राच्या घडणीतील ताण फार स्पष्ट दिसू लागतात.

स्वातंत्र्ययुद्धातून उभ्या राहिलेल्या ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याची १८३१ मध्ये हत्या झाली आणि देशात बेबंदी माजली. तेव्हा ब्रिटन, फ्रान्स व रशिया या तीन संरक्षक सत्तांनी १८३२ मध्ये बव्हेरियाच्या राजाचा दुसरा मुलगा ओटो याला ग्रीसचा राजा ठरवले. १८३३ च्या आरंभी तो नाफ्प्लिओ बंदरात उतरला, तेव्हा त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. सोबत बव्हेरियन सैनिक होते, अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहणारे बव्हेरियन राजप्रतिनिधी मंडळ होते आणि तीन सत्तांच्या हमीवर मिळणाऱ्या सहा कोटी फ्रँकच्या कर्जाचा भारही होता. ज्यांनी तुर्कांशी झुंज दिली त्यांना बाजूला सारून परक्यांनी चालवलेल्या या कारभाराला ग्रीक लोक ‘बव्हेरियन राजवट’ म्हणू लागले. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस यालाही या राजवटीने देहदंड फर्मावला होता, जरी पुढे त्याला माफी मिळाली. सप्टेंबर १८४३ मध्ये सैन्य व नागरिक राजवाड्यापुढे जमले, तेव्हा कुठे ओटोने राज्यघटना मान्य केली.

तरीही ओटोला केवळ परका म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्याने ग्रीक पोशाख आपलासा केला, अथेन्सला राजधानी केली आणि १८३७ मध्ये तेथे विद्यापीठ उभे राहिले. क्रिमियन युद्धाच्या काळात, ऑटोमन सत्तेखालील ग्रीक प्रदेश मुक्त करण्याच्या आकांक्षेला त्याने उघड पाठबळ दिले, त्यामुळे ब्रिटन व फ्रान्सच्या फौजा १८५४ ते १८५७ पिरेअस बंदरात ठाण मांडून बसल्या. पण याच अपमानाने त्याची लोकप्रियता वाढली. ती ओसरली १८५९ नंतर, कारण इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात त्याची सहानुभूती ऑस्ट्रियाकडे होती, तर ग्रीक तरुण त्या लढ्याचा सेनानी गॅरिबाल्डी याच्या नावाने भारावले होते.

म्हणून पर्यायी इतिहासाचे वळण शोधायचे ते ऑक्टोबर १८६२ मधील उठावात नव्हे, त्याच वर्षीच्या जानेवारीत. त्या वेळी ओटोने स्वातंत्र्ययुद्धातील नौदलवीर कानारिस याला मंत्रिमंडळ बनवण्यास पाचारण केले. कानारिसने घटनेप्रमाणे कारभार व मुक्त निवडणुका यांचा आग्रह धरला, पण ही जुळवाजुळव फिसकटली. पुढच्याच महिन्यात नाफ्प्लिओची शिबंदी उठली. ऑक्टोबरमध्ये राजाराणी पेलोपोनीजच्या दौऱ्यावर असताना अथेन्स हातचे गेले, परत आलेल्या राजाला पिरेअसला उतरता आले नाही, आणि परकीय वकिलांच्या सल्ल्यावरून तो ब्रिटिश युद्धनौकेने कायमचा निघून गेला. राजत्याग मात्र त्याने कधीच केला नाही.

कानारिसचे मंत्रिमंडळ बनले असते, तर हे सिंहासन त्या वर्षी वाचले असते, असे मानण्यास जागा आहे. परंतु एक गाठ मग आणखी घट्ट झाली असती. ओटो व राणी अमालिया यांना अपत्य नव्हते. १८४४ च्या घटनेने वारस ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्व ख्रिस्ती पंथाचा असावा असे बंधन घातले होते, आणि कॅथलिक ओटोच्या भावांपैकी कोणीही पंथ बदलला नव्हता. ओटो १८६७ मध्ये मरण पावला. म्हणजे टिकलेले सिंहासन पाचच वर्षांत रिकामे झाले असते, तेही क्रीट बेटावरील उठाव पेटलेला असताना.

त्याहून मोठी हानी आयोनियन बेटांच्या बाबतीत झाली असती. ब्रिटनच्या संरक्षणाखालील ही बेटे नव्या, ब्रिटनला पसंत असलेल्या राजाच्या आगमनानिमित्त १८६४ मध्ये ग्रीसला मिळाली. ओटोवर ब्रिटनचा विश्वास उरला नव्हता, तेव्हा त्याच्या हाती ती पडण्याचा संभव नगण्य होता. उठावानंतरच्या मतदानात सुमारे २,४१,००० पैकी २,३०,००० हून अधिक मते ब्रिटिश राजपुत्र आल्फ्रेडला पडली, यावरूनही बेटांच्या आशेचे बळ कळते. तीन सत्तांच्या आपसातील करारामुळे आल्फ्रेडला मुकुट घेता आला नाही आणि अवघी सहा मते मिळालेला डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज या नावाने गादीवर बसला. ओटोची पदवी ‘ग्रीसचा राजा’ होती. जॉर्जची ‘ग्रीकांचा राजा’ झाली, आणि १८६४ च्या घटनेने सार्वभौमत्व राष्ट्राकडे सोपवले. ओटो राहिला असता तर या दोन शब्दांतले अंतर कापायला ग्रीकांना कदाचित आणखी एका उठावाची वाट पाहावी लागली असती.

ओटोने अखेरची वर्षे बव्हेरियातील बाम्बर्गच्या राजवाड्यात काढली. तेथेही तो ग्रीक पोशाख घालत असे, आणि म्युनिकच्या थिआटिनर चर्चमध्ये त्याचे दफन झाले तेही त्याच पोशाखात.