दिवा विझला की होडी निघाली?

श्रावण आला की थळ, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्यावर गडबड उडते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपलेली असते. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा होते आणि होड्या पाण्यात जातात.

अशाच दिवसांत शिकवणीतल्या एका कोळ्याच्या मुलाला मी वाक्य घातले, 'द बोट्स पुट आऊट ॲट डॉन.' त्याने लिहिले, 'पहाटे होड्या विझवल्या.' सगळी मुले हसली. तो मान खाली घालून बसला. ज्याचा बाप रोज पहाटे दर्यावर जातो, त्याला नेमके होडीचेच वाक्य अडले!

दोष त्याचा नव्हता. 'पुट आऊट म्हणजे विझवणे' एवढेच त्याच्याकडून घोकून घेतले होते. खरे पाहता 'आऊट' म्हणजे बाहेर. हात पुढे केला, पत्रक काढले, होडी बंदराबाहेर पडली, सगळीकडे 'पुट आऊट'च. पण 'आऊट' म्हणजे संपलेलाही. फलंदाज आऊट होतो तसा दिवा आऊट होतो. अर्थ ओळखायची खूणही सोपी आहे. काय विझवले ते वाक्यात सांगितलेले असते, 'पुट आऊट द लॅम्प'. होडीच्या अर्थी तसे कर्म लागत नाही. आणि 'ते विझव' म्हणायचे तर 'पुट इट आऊट'. 'पुट आऊट इट' कधीच नाही. शिवाय एखादी बाई 'पुट आऊट' झाली असेल, तर ती खट्टू झाली असे समजावे.

'इंग्रजी फार लबाड भाषा आहे,' मुले म्हणाली. मी विचारले, 'आणि आपली?' पाऊस लागतो, भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. होडी किनाऱ्याला लागते आणि प्रवाशाला बोट लागते, तेव्हा तो किनाऱ्याला नव्हे, ओकाऱ्यांना लागतो! मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत 'लागणे'ची नोंद चांगली लांबलचक आहे. त्या साहेबालाही हे एवढेसे क्रियापद सोपे गेले नसणार. आपल्या मुलांना मात्र ते घरातच, न घोकता येते. ज्याला 'लागणे' येते त्याने 'पुट आऊट'ला भिण्याचे कारण नाही.

मुलाने वही पुन्हा ओढली, खोडले आणि लिहिले, 'पहाटे होड्या हाकारल्या.'

हा शब्द माझ्या मनात नव्हता. तो त्याच्या घरचा होता, आणि माझ्या शब्दाहून चांगला होता.