सत्तर टक्के म्हणजे जिंकलेच नव्हे

"सत्तर टक्के हाय ना, मंग जिंकलीच समज भाऊ!" ई-स्पोर्ट्सच्या सामन्याआधी मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्याचा मोर्शीतली पोरं असा अर्थ लावतात, तेव्हा काळजी वाटते. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो.

हा आकडा येतो प्रेडिक्शन मार्केटमधून. तिथे ‘अमुक संघ जिंकेल’ असा करार विकला जातो. संघ जिंकला तर दहा रुपये, हरला तर शून्य. लोक तो करार सात रुपयांना घेत असतील, तर बाजाराच्या मते शक्यता सत्तर टक्के. मोर्शी-वरुडकडे संत्र्याची बाग फळ झाडावर असतानाच विकली जाते. व्यापाऱ्याच्या बोलीत फळगळ, गारपीट, पुढचा बाजारभाव असा सगळा अंदाज मुरलेला असतो. कराराचा भावही तसाच. सत्तर टक्क्यांच्या शंभर सामन्यांत तीसेक पराभव अपेक्षितच आहेत.

बीजीएमआय या मोबाइल गेमच्या स्पर्धेत तर ही अनिश्चितता आणखी तीव्र होते. 16 संघ, 64 खेळाडू, एकच मैदान. सगळे तुल्यबळ धरले तर प्रत्येकाची शक्यता सव्वासहा टक्के. एखाद्याची वीस टक्के असेल तर तो तिपटीहून भारी, तरीही पाचपैकी चारदा जिंकणार दुसराच कोणी.

बाजाराला सगळं ठाऊक असतं, हेही खरं नाही. गेमच्या एका अपडेटने बंदुकीची ताकद बदलली की जुनी आकडेवारी शिळी होते. छोट्या स्पर्धेत करार घेणारे मोजकेच असतात, तिथे एकटा पैसेवाला भाव हलवू शकतो. शिवाय लबाडी. 2014 मध्ये आयबायपॉवर या अमेरिकी संघाच्या खेळाडूंनी काउंटर-स्ट्राइक या गेमचा सामना मुद्दाम गमावला. 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा एक खेळाडू चीटिंगचे सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला आणि तो संघच बंद पडला.

ई-स्पोर्ट्सला सरकारची मान्यता आहे, म्हणून त्यावर पैसे लावणंही चालतं, असं अनेक जण धरून चालतात. चालत नाही. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींनी मंजुरी दिलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशाच्या खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने फरक पडत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. असे करार विकणाऱ्या प्रोबो या ॲपने त्याच महिन्यात पैशाचे व्यवहार थांबवले.

‘खिशातून पैसे गेल्याशिवाय अंदाज नीट येत नाही’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. अमेरिकी फुटबॉलच्या 2003 च्या हंगामातील 208 सामन्यांवर संशोधकांनी खऱ्या पैशांचा आणि खोट्या पैशांचा बाजार ताडून पाहिला. दोघांची अचूकता सारखीच निघाली. माहिती आणि नावाची ईर्ष्या तेवढं काम करून गेली.

तेव्हा पोरांनो, अंदाज जरूर बांधा, पण वहीत. हवामान अंदाज तपासण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये दिलेली पद्धत सोपी आहे. सत्तर टक्के म्हटलं आणि संघ जिंकला, तर चूक 0.3 चा वर्ग, म्हणजे 0.09. हरला, तर 0.49. दर वेळी डोळे मिटून पन्नास टक्के म्हणणाऱ्याची सरासरी 0.25 येते. पन्नासेक सामन्यांनंतर तुमची सरासरी त्याहून बरीच खाली असेल, तर तुम्हाला खेळ कळू लागलाय.