वाघ, गाव आणि राष्ट्रीय उद्यानाचा कारभार

वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि भद्रावतीच्या पलीकडे ताडोबाचे अरण्य. आम्हां वणीकरांना ते फार दूर नाही. वाघाला तर मुळीच नाही. आपल्याकडील पांढरकवड्याच्या टिपेश्वर अभयारण्यातूनही तरुण वाघ नवी जागा शोधीत बाहेर पडतात. 2025 च्या जानेवारीत आपल्याच तालुक्यातील उकणी कोळसा खाणीच्या परिसरात एक वाघ मेलेला सापडला. तेव्हा राष्ट्रीय उद्यानाचा कारभार पुढे कसा चालावा, हा प्रश्न एकट्या वनखात्याचा नव्हे. तो आपलाही आहे.

ताडोबा हे नाव गोंड लोकांच्या तारू या देवावरून पडले. तारू हा गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मरण पावला व तळ्याकाठी त्याचे देवस्थान झाले, अशी कथा सांगतात. म्हणजे या अरण्याच्या नावातच माणूस आहे. 1955 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. 1986 साली अंधारी अभयारण्य झाले आणि 1995 साली दोहोंचा मिळून सुमारे 625 चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे 2010 साली भोवतीचा सुमारे 1100 चौरस किलोमीटरचा मुलूख ‘बफर’ ठरला. त्यात सुमारे 80 गावे आली. गाभ्यात कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी ही सहा गावे होती. 2007 च्या सुमारास ती उठविण्यास सुरुवात झाली. नवेगाव उठले, प्रवाशांच्या फाटकावर त्याचे नाव मात्र राहिले.

वाघाला निवांत जागा हवी, हे आम्हांस मान्य आहे. वाघ टिकला तर जंगल टिकते, आणि जंगल टिकले तर नाल्यांना पाणी राहते. तक्रार वाघाविरुद्ध नाही. ज्याचे जगणे या कारभारावर अवलंबून, त्याला त्या कारभारात जागा किती, एवढाच प्रश्न आहे.

मोहफूल आणि तेंदूपान यांचा हंगाम म्हणजे गरिबाच्या वर्षाची मिळकत. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. सरकार भरपाई देते, व ती दिलीच पाहिजे. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची व्यवस्था होय. कोणत्या भागात वाघीण पिलांसह आहे, तोडणी कोठे थांबवावी, थांबविली तर मजुरी कोणी द्यावी, हे हंगामापूर्वी गावात बसून ठरले पाहिजे.

कायदा याला आडवा येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली जी दुरुस्ती झाली, तीप्रमाणे गाभ्यातील गाव उठवावयाचे तर आधी लोकांचे वनहक्क ठरले पाहिजेत आणि ग्रामसभेची व त्या त्या कुटुंबांची संमती मिळाली पाहिजे. बफरची सीमा ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवावयाची आहे. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांनाही मान्यता दिली.

आमचे आयुष्य खाणकामगारांच्या संघटनेत गेले. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. नियमाप्रमाणे खाणीत सुरक्षा समिती असते. पण कामगार प्रतिनिधी निमूटपणे सही करून उठला, तर ती कागदावरच राहते. त्याने ‘हे छत ढिले आहे’ असे सांगून नोंद करविली, तरच जीव वाचतो. उद्यानाच्या गावसमित्यांचेही तसेच आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. व्याघ्र संवर्धनाचा आराखडा मराठीतून ग्रामसभेत वाचला जावा. फाटकावर जमणाऱ्या पैशाचा हिशेब दरवर्षी गावापुढे मांडला जावा. आणि वाटाडे, जिप्सीचालक व वनमजूर यांच्या कामाच्या अटी लेखी असाव्यात. ज्या गावाला जंगल आपले वाटते, तेच गाव वाघाच्या वाटेवरचा फास काढून टाकते. पगारी पहारेकरी कितीही नेमले, तरी हे काम त्यांच्याने पुरे होणार नाही.