थ्रॉटल बॉडीचा गरम पाइप काढला तर गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

'पिकअप वाढवा, ॲव्हरेज वाढवा, खर्च शून्य' असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्यातली एक युक्ती म्हणजे थ्रॉटल बॉडीला जाणारे कुलंटचे दोन बारीक पाइप काढायचे अन् एकमेकांना जोडून टाकायचे. गॅरेजवाले याला बायपास म्हणतात. पेट्रोल कारवाल्यांनी पाइपला हात लावण्याआधी एवढं समजून घ्यावं.

पाइप कशासाठी असतो?

इंजिनात जाणारी हवा थ्रॉटल बॉडीतल्या झडपेतून जाते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते. झडप थोडीच उघडी असते तेव्हा हवा अरुंद फटीतून जोरात शिरते आणि गार पडते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना ती बोटाला गार लागते, तसंच हे. कडाक्याची थंडी आणि हवेत ओल असेल तर झडपेवर बर्फ धरून ती अडकू शकते. म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं गरम कुलंट तिथून फिरवलेलं असतं.

मग आपल्याकडे गरज काय?

महाराष्ट्रात असा बर्फ धरण्याची वेळ सहसा येत नाही. पण गाडी हिवाळ्यात मनाली, काश्मीरकडे न्यायची असेल तर हा पाइप हवाच.

फायदा किती?

गार हवा दाट असते, त्यामुळे ताकद वाढते, हे खरं. पण हवा थ्रॉटल बॉडीतून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. तेवढ्यात ती फारशी तापत नाही. त्यामुळे पाइप काढून रोजच्या चालवण्यात फरक जाणवत नाही.

उलट काही जुन्या गाड्यांत आयडलिंगचा वॉल्व्ह याच कुलंटच्या उष्णतेवर चालतो. आतलं मेण तापून फुगलं की सुरुवातीची वाढीव रेस खाली येते. पाइप काढला तर मेण नीट तापत नाही, रेस चढलेलीच राहते अन् पेट्रोल जास्त जातं. म्हणजे ॲव्हरेज वाढवायला गेलं अन् होतं तेही घटलं.

गाडी तापते म्हणून काढायचा?

ते म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. गाडी तापत असेल तर कुलंटची पातळी, रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप तपासा. बारीक पाइप काढून दुखणं जात नाही, उलट वेळ वाया जातो. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट उडतं, इंजिन जाम होतं. मग खर्च शेकड्यात राहत नाही, हजारांत जातो.

पाइप गळत असेल तर?

नवा पाइप आणि क्लॅम्प टाका, हा खरा इलाज. गाव गाठण्यापुरता बायपास करावा लागला तर दोन्ही पाइप बरोबर मापाच्या नळीने जोडून क्लॅम्प आवळा. तोंडात बोल्ट ठोकून बंद करू नका. दाबाने तो निसटू शकतो, आणि काही इंजिनांत कुलंटचं फिरणंच अडतं.

हे लक्षात ठेवा

- गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, अंग भाजतं.
- काम झाल्यावर कुलंट भरून आतली हवा काढून घ्या. हवा अडकली तर गाडी पुन्हा तापते.
- बोअरचं पाणी भरू नका. क्षार बसून बारीक वाटा बुजतात.
- सांडलेलं कुलंट लगेच पुसा, धुऊन टाका. ते गोडसर आणि विषारी असतं. कुत्री, जनावरं चाटतात अन् दगावतात.
- गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा.

ॲव्हरेज वाढवायचंच असेल तर टायरमधली हवा वेळेवर बघा. पाइप आहे तिथेच राहू द्या.