दहाव्या क्रमांकाचा फलंदाज



परीक्षा जवळ आली की काही पालक आमच्याकडे येतात आणि खेळाचा तास बंद करून त्या वेळात गणित घ्या, असे सुचवतात. त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच या अंकात आम्ही आपल्याच इंदूरच्या एका मराठी खेळाडूचा परिचय देत आहोत.

चंदू सरवटे यांचा जन्म १९२० साली सागर येथे झाला. ते इंदूरच्या होळकर संघाचे आधारस्तंभ होते. कर्नल सी. के. नायडूंच्या त्या काळातील या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा शतके झाली, त्यात एक सरवट्यांचे. याच सामन्यात त्यांनी एका डावात ६१ धावांत ९ बळीही घेतले.

मे १९४६ मध्ये भारतीय संघ लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे संघाशी खेळत होता. ९ बाद २०५ अशी स्थिती होती. शेवटची जोडी बहुधा गोलंदाजांची असते. ती थोडा वेळच टिकते. परंतु दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावांची भर घातली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या व अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतके केल्याचे प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे एकमेव उदाहरण आहे.

यश सर्वत्र मिळाले असे नाही. ९ कसोटींत त्यांना एकही अर्धशतक करता आले नाही. तरी ते खेळत राहिले. आणि शिक्षणही सोडले नाही. एम.ए., एल.एल.बी. झाले, व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. पुढे १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीत ते सदस्य होते. २००३ साली इंदुरात त्यांचे निधन झाले.

पालकहो, गणिताचा जादा वर्ग आम्ही सकाळी शाळेच्या आधी घेऊ. खेळाचा तास मात्र चालू राहील. आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांनो, ९ बाद म्हणजे डाव संपला असे नव्हे, एवढे लक्षात ठेवा.