पाच टक्क्यांची पेशी

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, महाराष्ट्रात फोन उचलला की पहिला प्रश्न असायचा, “स्कोअर किती आला?” पंचवीसपैकी सहा म्हटलं की पलीकडचा सुस्कारा टाकायचा, अठरा म्हटलं की गप्प व्हायचा. हा स्कोअर एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा. त्याच्या चित्रात जिथे हवेचा काळा रंग दिसायला हवा, तिथे दुधी काच बसवल्यासारखे पांढरट डाग असायचे. त्यातून वाचलेल्या अनेकांची काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती दुधी काच बरीचशी विरून गेलेली होती. ती कोणी पुसली? त्या कारागिराची गोष्ट मला शरीरातल्या सगळ्या गोष्टींहून विलक्षण वाटते.

आपल्या दोन फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, एकेक जेमतेम पाव मिलिमीटरचा. ते उलगडून पसरले तर निदान ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा टू बीएचके फ्लॅट सहज झाकला जाईल. आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा? मिलिमीटरचे दोन हजार भाग करा, त्यातला एक. वहीचं पान त्याच्या दोनशेपट जाड असतं. असा पडदा दिवसातून वीसेक हजार वेळा ताणला जातो आणि पुन्हा सैलावतो, तोही आयुष्यभर.

हा पडदा ज्या पेशींचा बनतो, त्या खानदेशी मांड्यासारख्या असतात: हातावर फिरवत फिरवत आरपार दिसेपर्यंत ताणलेल्या. वायुकोशांचा ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो. मात्र इतकं पातळ होण्याची किंमत मोठी आहे. या पेशींना आपल्यासारखी दुसरी पेशी घडवता येत नाही. मेली की जागा उघडी पडते.

कोपऱ्याकोपऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात. गोल, गुबगुबीत, कणकेच्या उंड्यासारख्या. संख्येनं जास्त, पण पृष्ठभागातला वाटा फक्त पाच टक्के. त्या सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा स्निग्ध द्राव पाझरतात. दुधाची रिकामी, ओली पिशवी आतून कशी चिकटते आणि उघडता उघडत नाही, ते आठवा. सरफॅक्टंट नसेल तर प्रत्येक उच्छ्वासानंतर वायुकोशांची तीच गत होईल.

कोरोना विषाणू खोल उतरला की नेमका या गोल पेशींवर चालून जातो, कारण त्याला आत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन त्यांच्या अंगावर असतं. इन्फ्लुएंझाही गंभीर झाला की इथवर पोहोचतो. पेशी मरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते, पडदा गळू लागतो. रक्तातलं प्रथिनयुक्त पाणी वायुकोशांत भरतं. जखमेवर खपली धरणारं फायब्रिन मेलेल्या पेशींच्या चुऱ्यात मिसळून आतल्या भिंती लिंपून टाकतं. शेजारून रक्त वाहत असतं, पण ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं. १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचं वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, पुढे या अवस्थेचं एआरडीएस हे नाव रूढ झालं.

मग व्हेंटिलेटर. त्याला फुप्फुस बरं करता येत नाही, तो वेळ मिळवून देतो. तेही जपून करावं लागतं. इटलीच्या लुचानो गातिनोनींनी १९८० च्या दशकात सीटी स्कॅनवरून दाखवलं, की अशा रुग्णात हवा घेऊ शकणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. त्याला ते ‘बेबी लंग’ म्हणत. त्या चिमुकल्या फुप्फुसात मोठ्या माणसाचा श्वास ढकलला तर उरलेलंही फाटणार. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत श्वासाचं माप निम्म्यावर आणलं, आणि शंभरातले सुमारे ४० मृत्यू ३१ वर आले. २०१३ मध्ये प्रामुख्यानं फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत अत्यवस्थ रुग्णांना दिवसातले किमान सोळा तास पालथं झोपवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू शंभरात ३३ वरून १६ वर आले. माणूस पालथा केला, एवढंच! पाठीकडचे दबलेले वायुकोश उघडले.

या मिळालेल्या वेळात वाचलेल्या गोल पेशी कामाला लागतात. आधी सोडियम बाहेर खेचतात, त्यामागोमाग पाणी निघतं. भक्षक पेशी चुरा गिळून जागा साफ करतात. मग गोल पेशी एकीच्या दोन, दोघींच्या चार होतात आणि त्यांतल्या काही आपलं गोल रूप सोडून देतात. पसरतात, पातळ होतात, उघड्या पडलेल्या भिंतीवर स्वतःच अंथरल्या जातात. उंड्याचा मांडा होतो! पाच टक्के जागेत राहणाऱ्यांनी उरलेली ९५ टक्के जागा भरून काढायची, अशी ही रचना आहे.

दरवेळी ते साधत नाही. २०२० साली संशोधकांना गोल आणि सपाट यांच्यामधली एक अवस्था उंदरांत सापडली. काही पेशी तिथेच अडकतात. कायमचे व्रण पडलेल्या माणसांच्या फुप्फुसांतही तशाच अडकलेल्या पेशी दिसल्या. तीव्र इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांत तर श्वासनलिकांकडच्या पेशी धावत येऊन उघडी जागा झाकतात. ठिगळ लागतं, पण त्यातून ऑक्सिजन जात नाही.

टोरोंटोच्या मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांत बहुतेकांच्या फुप्फुसात मावणारी हवा जवळजवळ पूर्ववत झाली होती. थकले होते ते स्नायू. वर्षानंतरही सहा मिनिटांत ही माणसं साधारण ४२२ मीटर चालत, अपेक्षेच्या दोन तृतीयांश.

तुमच्या ओळखीचं कोणी असं आयसीयूतून घरी आलं असेल, तर डॉक्टरांना विचारून संध्याकाळी त्याला चालायला न्या. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, पुढच्या महिन्यात चौकापर्यंत. त्याच्या चालीनं चाला आणि दम लागला की त्याच्याबरोबर थांबा.